नानिक मोटवाने

नानिक मोटवाने (नानिक ज्ञानचंद मोटवानी या नावानेही परिचित) हे मुंबईतील उद्योजक आणि शिकागो रेडिओ या ध्वनिवर्धक व्यवसायाचे चालक होते. स्वातंत्र्यपूर्व काळातील राष्ट्रीय सभेच्या मोठ्या जाहीर सभांना त्यांनी ध्वनियंत्रणा पुरवली. इ.स. १९४२ च्या काँग्रेस रेडिओ खटल्यातील पाच आरोपींपैकी ते एक होते.

पार्श्वभूमी

मोटवाने कुटुंब मूळचे सिंधमधील. नानिक यांचे वडील ज्ञानचंद चंदुमल मोटवाने यांनी इ.स. १९०९ मध्ये तेथे विद्युत उपकरणांचा व्यापार सुरू केला आणि पुढे तो मुंबईत आणला. शिकागो रेडिओ हे नाव परदेशी वाटले, तरी संस्था भारतीय मालकीची होती. सुरुवातीस इंग्लंड-अमेरिकेतून आणलेली उपकरणे ती विकत असे. नंतर त्या उपकरणांच्या रचनेचा अभ्यास करून तिने स्वतःची ध्वनियंत्रणा बनवण्यास सुरुवात केली.

ध्वनिवर्धक व्यवसाय

इ.स. १९२० नंतर महात्मा गांधींच्या सभांना प्रचंड गर्दी होऊ लागली. गांधींचा आवाज मात्र क्षीण होता. मागच्या लोकांना काही ऐकू यावे म्हणून त्यांना मैदानात एकापेक्षा अधिक ठिकाणांहून बोलावे लागे. ही अडचण ओळखून नानिक यांनी सभांसाठी ध्वनिवर्धक पुरवण्याचे काम हाती घेतले. इ.स. १९३१ च्या कराची अधिवेशनात त्यांची यंत्रणा वापरली गेली. त्यानंतर अनेक वर्षे राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठांवर शिकागो रेडिओचे ध्वनिक्षेपक दिसत राहिले.

सेवापद्धती

त्या काळी ध्वनिवर्धक केवळ विकून किंवा भाड्याने देऊन भागत नसे. वर्धकातील काचेच्या निर्वात नळ्या प्रवासात फुटत, तापून निकामी होत. अनेक ठिकाणी वीज नसल्याने यंत्रणा बॅटरीवर चालवावी लागे. कर्ण्यांची तोंडे ध्वनिक्षेपकाकडे वळली, तर मैदानभर कर्कश शिट्टी घुमे. भाषण सुरू असताना यंत्र बंद पडले, तर हजारो लोकांपर्यंत वक्त्याचे शब्द पोहोचत नसत आणि ती सभा पुन्हा भरवता येत नसे. म्हणून शिकागो रेडिओ यंत्रणेबरोबर आपले तंत्रज्ञही पाठवी. रेल्वेने व मालमोटारींनी साहित्य नेणे, ते उभारणे आणि सभा संपेपर्यंत त्यावर लक्ष ठेवणे ही जबाबदारी त्यांच्यावर असे. राष्ट्रीय सभेसाठी हे काम नानिक यांनी दीर्घकाळ मोबदल्याची फारशी अपेक्षा न ठेवता केले.

काँग्रेस रेडिओ खटला

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारत ठराव संमत झाला. नेत्यांच्या अटकेनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्याचे प्रसारण २७ ऑगस्टपासून होऊ लागले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. या केंद्राला तांत्रिक साहाय्य मिळाले त्यात शिकागो रेडिओचा वाटा होता. सरकारी नजरेत असलेल्या व्यावसायिकासाठी ही मदत म्हणजे दुकान, परवाने आणि स्वातंत्र्य पणाला लावणे होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. या प्रकरणात नानिक यांनाही अटक झाली. विशेष न्यायालयाने उषा मेहता यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. नानिक मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी यांची निर्दोष मुक्तता झाली.

वारसा

स्वातंत्र्यानंतरही जाहीर सभांच्या ध्वनियंत्रणेचे काम संस्थेने चालू ठेवले. कुटुंबाच्या उद्योगाचा विस्तार नाशिक रोडपर्यंत झाला. गांधी, नेहरू आणि समकालीन नेत्यांच्या अनेक छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावर शिकागो रेडिओचे नाव ठळक दिसते. ध्वनिवर्धकाच्या पलीकडे उभ्या असलेल्या तंत्रज्ञांची नावे मात्र त्या छायाचित्रांत क्वचितच नोंदलेली आढळतात.