सोमेश्वर तिसरा

सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ अंदाजे इ.स. ११२७ ते इ.स. ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा व ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता होता. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे होत. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी भाषेच्या अभ्यासकांना त्याचे नाव ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे, तर धनुर्विद्या व मृगयेच्या अभ्यासकांना याच ग्रंथातील विनोदप्रकरणांमुळे परिचित आहे.

राज्यकाळ

सोमेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र. पित्याने सुमारे पन्नास वर्षे राज्य केले, इ.स. १०७६ मध्ये स्वतःचा शक सुरू केला आणि बिल्हण व विज्ञानेश्वर यांसारख्या पंडितांना आश्रय दिला. अशा पित्यानंतर गादीवर येणे सोपे नव्हते. पूर्वेकडील वेंगीचा प्रदेश पुन्हा चोळांकडे गेला आणि दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धनाची सत्ता वाढत राहिली. सोमेश्वराने साम्राज्याचा गाभा सांभाळला, परंतु तो वाढविला नाही. शैव मठांना त्याने दाने दिली. त्याच्या शिलालेखांतील कालगणना ‘भूलोकमल्ल वर्षा’ने केलेली आढळते. पित्याच्या चरित्रावर त्याने लिहावयास घेतलेले ‘विक्रमाङ्काभ्युदय’ हे काव्य अपूर्ण राहिले.

मानसोल्लास

‘अभिलषितार्थचिन्तामणि’ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथात पाच विंशती असून प्रत्येकीत वीस, असे एकूण शंभर अध्याय आहेत. राज्यप्राप्ती, राज्याचे स्थैर्य, उपभोग, विनोद आणि क्रीडा असा त्यांचा क्रम आहे. ज्योतिषगणितासाठी ग्रंथात शके १०५१ हे वर्ष आधार धरले असल्याने रचनाकाळ इ.स. ११२९ च्या सुमारास ठरतो. एवढे विषय एकाच हातून लिहून झाले असतील का, अशी शंका येणे साहजिक आहे, आणि दरबारी पंडितांचे साहाय्य गृहीत धरण्यास हरकत नाही. तरीही ग्रंथभर राजाची नजर जाणवते. भाजलेल्या रानडुकराची कृती तो जितक्या आस्थेने देतो, तितक्याच आस्थेने शेतातल्या उंदरांचीही देतो.

चौथ्या विंशतीत शस्त्रविनोदापासून चमत्कारविनोदापर्यंत वीस विनोद आहेत. कुत्रे, ससाणे, मासे आणि मृगया यांना स्वतंत्र अध्याय आहेत. मत्स्यविनोदात समुद्रातील व नदीतील सुमारे पस्तीस जातींचे मासे, त्यांचे आमिष व गळ यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी इ.स. १९५१ मध्ये त्यावर विस्तृत लेख लिहिला. खवल्यांचे मासे व कातडीचे मासे ही त्यातील विभागणी शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडसारख्या बंदरात राहणाऱ्या वाचकास सहज ओळखता येईल.

मृगया आणि बाण

मृगयेविषयी जुन्या शास्त्रांत एकमत नाही. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांच्या यादीत मृगयेस पहिले स्थान दिले आहे. कौटिल्याने तिचे दोष मान्य केले, पण शरीरश्रम, चालत्या लक्ष्याचा अभ्यास आणि प्राण्यांच्या चित्तवृत्तीचे ज्ञान हे तिचे लाभही मोजले. सोमेश्वराने तिला सरळ विनोदांत बसविले. सावजाला भुलविण्यासाठी माणसाळविलेले हरीण पुढे करणे हा उपाय त्याने नोंदविला आहे. माणसाळविलेल्या चित्त्याकडून शिकार करविण्याचा भारतातील अतिशय जुना उल्लेखही याच ग्रंथातला आहे.

हरणावर बाण सोडताना कोणते पाते लावावे, हा प्रश्न किरकोळ नाही. चुकीचे पाते लागले तर जनावर जखम घेऊन रानात शिरते आणि हाती न लागता तडफडून मरते. धनुर्वेदाच्या परंपरेत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदन्त, द्विभल्ल, कर्णिक व काकतुंड अशी पात्यांची नावे येतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे सांगितलेले असते. इ.स. १३६३ च्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तही हा विषय आला आहे. ढालीच्या चामड्यासाठी आरामुख, चिलखतासाठी सुईसारखे सूचीमुख, नेमबाजीच्या लक्ष्यासाठी गोपुच्छ आणि हृदय भेदण्यासाठी भल्ल. मराठीतील भाला हा शब्द याच भल्लाचा वंशज होय.

या वाटणीमागचे कारण साधे आहे. अरुंद टोक खोल जाते, पण जखम लहान करते. रुंद व धारदार पाते रक्तवाहिन्या कापीत जाते, त्यामुळे रक्तस्राव वेगाने होतो आणि जनावर लवकर कोसळते. हरणाला चिलखत नसते. पुढच्या पायामागे फासळ्यांच्या आत हृदय व फुप्फुसे असतात, म्हणून तेथे भल्लासारखे पाते सूचीमुखापेक्षा उचित ठरते. मात्र पाते जितके रुंद तितका वारा त्याला अधिक वळवितो. त्यावर उपाय म्हणून शराला पिसे लावीत. पिंपळी, सैंधव व कोष्ठ गोमूत्रात वाटून त्याचा लेप पात्यास द्यावा, ते तापवून तेलात बुडवावे, अशी पाणी देण्याची कृतीही धनुर्वेदग्रंथांत आहे. उलट्या काट्यांचे कर्णिक पाते उपसून निघत नाही. मनूने युद्धात काटेरी, विषारी आणि पेटत्या टोकाचे बाण वापरण्यास मनाई केली, पण हे संरक्षण माणसापुरतेच राहिले.

इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हरणांची शिकार बंद झाली आणि हे सारे ज्ञान इतिहासाचा भाग झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे.

मराठीशी संबंध

गीतविनोदात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. विवाहप्रसंगीच्या धवल या गीतप्रकाराचीही नोंद आहे. दीड शतकानंतर महदंबेने रचलेल्या धवळ्यांची परंपरा किती मागे जाते, हे त्यावरून कळते. दशावतारांच्या स्तुतीपर गीतात मराठी ओळी आढळतात. राजभाषा कन्नड आणि ग्रंथभाषा संस्कृत असताना कांडणाऱ्या बायांचे गाणे राजाने टिपून ठेवावे, ही त्याच्या मृगयेहून मोलाची कामगिरी मानावी लागेल.

मृत्यू व नंतरचा काळ

इ.स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वराचे निधन झाले. त्याचा पुत्र दुसरा जगदेकमल्ल गादीवर आला. पुढे तिसऱ्या तैलपाच्या काळात कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. मानसोल्लासाची हस्तलिखिते मात्र टिकली. म्हैसूर येथे इ.स. १९२६ मध्ये आर. शामशास्त्री यांनी ग्रंथाचा काही भाग ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ या नावाने छापला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेले तीन खंड इ.स. १९२५, १९३९ व १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. विनोदांचे अध्याय त्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत आहेत.