अस्थींचा अभ्यासू राजा

कुंभकोणमहून तंजावरला जाताना पापनाशम लागते. हा सारा सुपीक मुलूख १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला. दुसरे सरफोजी राजे भोसले (१७७७–१८३२) यांच्या हाती उरला तो तंजावरचा किल्ला. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या मराठी राजाने मग वैद्यकाचा ध्यास घेतला. मोडलेला पाय बसवायचा तर आधी हाडे ओळखली पाहिजेत. परंतु मानवी अस्थींचा स्पर्श धर्माचाराने निषिद्ध! तेव्हा त्यांनी विलायतेहून कृत्रिम सांगाडा मागविला. धर्माचारही राखला, जिज्ञासाही. शस्त्रक्रियेत त्यांचा ओढा मात्र नेत्ररोगांकडे होता. त्या रुग्णांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. श्वार्ट्झ १७९८मध्ये निवर्तले. राजाने शिल्पकार फ्लॅक्समनकडून करविलेले त्यांचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आपणांस पाहावयास मिळेल. त्यात मरणोन्मुख गुरूचा हात राजाने हाती धरला आहे.