विल्यम लॅम्बटन

पुढचे गाव किती दूर आहे, असे वाटसरूला विचारले तर तो कोस-दीड कोस म्हणून सांगतो, नाहीतर हाकेच्या अंतरावर म्हणून मोकळा होतो. त्याचे काही चुकत नाही. त्याच्या कामाला तेवढे पुरते. परंतु अवघ्या देशाची रुंदीही अशाच अंदाजाने सांगितली जात असे, असा एक काळ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासपासून मंगळूरपर्यंतचा प्रदेश सुमारे चारशे मैल रुंद आहे, असे मानीत असत. हा अंदाज मोजून पाहण्याचे विल्यम लॅम्बटन याने मनावर घेतले.

लॅम्बटन इंग्लंडमधील यॉर्कशायरचा, एका सामान्य शेतकऱ्याचा मुलगा. गणिताची गोडी त्याला लहानपणापासून होती. १७८१ साली तो सैन्यात शिरला आणि पुढे कित्येक वर्षे उत्तर अमेरिकेतील वसाहतीत राहिला. हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. १७९९ च्या म्हैसूरच्या लढाईत एका रात्री सैन्याची तुकडी दक्षिणेस जात आहे, असे समजून उत्तरेस, शत्रूच्या दिशेने चालली होती. आकाशातील ताऱ्यांवरून लॅम्बटनच्या ते ध्यानात आले आणि तुकडी वाचली.

लढाई संपल्यावर त्याने सरकारपुढे आपला बेत मांडला. जमिनीवर एक रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजावयाची. तिच्या दोन्ही टोकांपासून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून दोन कोन मोजावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्यांतील एका बाजूवर दुसरा त्रिकोण उभारावयाचा, त्यावर तिसरा. अशा रीतीने डोंगर-नद्या ओलांडीत देश मोजता येतो. मात्र सारी भिस्त त्या पहिल्या रेषेवर!

१८०२ च्या ऐन उन्हाळ्यात मद्रासजवळ ही पायारेषा मोजण्यास आरंभ झाला. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी सुमारे चारशे वेळा पुढे पुढे मांडावयाची होती. उन्हाने लोखंड वाढते. वीस अंश उष्णता वाढली, तर त्या साखळीत जेमतेम दीड दशांश इंचाचा फरक पडे. तो कोणाच्या डोळ्यालाही दिसला नसता. पण चारशे वेळा तीच चूक झाली, तर ती पाच फूट होते! म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्यावर सावली धरीत, जवळ उष्णतामापक ठेवीत आणि त्यावरून प्रत्येक मापात दुरुस्ती करीत. रेषा भरली ४०,००६ फूट आणि वर काही इंच.

एखाद्याने तेथे सरळ चाळीस हजार फूट लिहून टाकले असते. सहा फुटांनी काय बिघडते? त्याचा हिशेब करून पाहावा. प्रत्येक पुढचा त्रिकोण याच रेषेच्या मापाने मोठा किंवा लहान ठरावयाचा होता. हे सहा फूट सोडले असते, तर मंगळूरला पोचेपर्यंत चूक सुमारे तीनशे फुटांची झाली असती.

लॅम्बटन आपल्या मापावर विश्वासून बसला नाही. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष साखळीने मोजण्यात आली. तिची लांबी मद्रासपासून आलेल्या त्रिकोणांवरून आधीच काढलेली होती. सात मैलांहून लांब अशा त्या रेषेत दोहोंचा फरक चार इंचांहूनही कमी निघाला. त्रिकोण पश्चिम समुद्रापर्यंत पोचले, तेव्हा चारशे मैलांचा तो प्रदेश ३६० मैलांचाच ठरला. ३६० हाही ठोकळ आकडाच आहे. परंतु ठोकळ करणे त्याने शेवटासाठी राखून ठेवले होते.

कोन मोजण्यासाठी त्याच्याजवळ थिओडोलाइट नावाचे सुमारे अर्ध्या टनाचे यंत्र होते. इंग्लंडहून येताना ते वाटेत फ्रेंचांच्या हाती सापडले होते. फ्रेंच आणि इंग्रज यांचे तेव्हा हाडवैर. तरी शास्त्राचे साधन म्हणून फ्रेंचांनी ते आदराने परत धाडले. १८०८ साली मराठे राजांच्या तंजावरात हे यंत्र तेथील उंच मंदिरावर चढविताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावर अंशांच्या खुणा होत्या, तेच वाकडे झाले. आता त्यावरील एकही कोन भरवशाचा राहिला नाही. नवे यंत्र समुद्रमार्गाने केव्हा येईल याचा नेम नव्हता. वाकड्या यंत्राने काम रेटता आले असते, पण लॅम्बटनने ते केले नाही. निवडक कारागिरांना घेऊन त्याने स्वतःला कोंडून घेतले. एका सपाट फळीवर मूळ मापाचे अचूक वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून ते पितळी वर्तुळ केसाकेसाने ओढीत त्या रेषेवर आणले. त्याला सहा आठवडे लागले. पुढे कितीतरी वर्षे तेच यंत्र कामास आले.

कन्याकुमारीपासून निघालेली त्रिकोणांची माळ सरकत सरकत हैदराबादच्या पलीकडे गेली. लॅम्बटन आता सत्तरीच्या घरात होता, खोकल्याने जर्जर झाला होता, तरी नागपूरकडे निघाला. वाटेत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याला मृत्यू आला. तेथेच त्याला पुरले. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने ती माळ पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.