यूजीन हूद्री आणि मोटारीचा धूर

देवगिरीच्या किल्ल्यांतील अंधारी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. त्या वळणावळणाच्या भुयाराच्या वरच्या तोंडाशीं लोखंडी झांकण असे, आणि वेढ्याच्या प्रसंगीं तेथें विस्तव पेटवून आंत शिरलेल्या शत्रूला धुरानें कोंडण्याची योजना होती. कोंडलेल्या जागेंतील धूर तरवारीहूनहि घातक, हें त्या काळच्या लोकांस पक्कें ठाऊक होतें. आज आपण कोणाचे शत्रु नसतांहि रोज रस्त्यारस्त्यांवर मोटारींचा धूर सोडीत असतों. त्याला आळा घालण्याची युक्ति ज्यानें काढली, त्या यूजीन हूद्रीचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हूद्रीचा जन्म फ्रान्समध्यें, पॅरिसजवळच्या दोमों गांवीं, १८ एप्रिल १८९२ रोजीं झाला. बाप पोलादाचा कारखानदार, घरीं सुबत्ता. यंत्रशास्त्राच्या विद्यालयांत तो आपल्या वर्गांत पहिला आला व सरकारच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. तो १९११ सालीं पदवीधर झाला, आणि त्याच वर्षीं त्याच्या नायकत्वाखालीं विद्यालयाच्या फुटबॉल संघानें देशाचें अजिंक्यपद मिळविलें. (खेळ आणि अभ्यास यांचें हाडवैर आहे असें मानणाऱ्या पालकांनीं या वाक्यावरून पुन्हां एकदां नजर फिरवावी.) पहिल्या महायुद्धांत तो रणगाड्यांच्या दळांत अधिकारी होता. १९१७ सालीं झालेल्या एका लढाईंत बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती त्यानें तोफांच्या भडिमारांत घडवून आणली. त्या लढाईंत तो जबर जखमी झाला. पुढें त्याला शौर्यपदक मिळालें.

युद्ध संपल्यावर त्याला शर्यतीच्या मोटारींचा नाद लागला. १९२२ सालीं तो अमेरिकेंत जाऊन इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत व फोर्डचा कारखाना पाहून आला. इंजिन कितीहि उत्तम असलें तरी पेट्रोल हलकें असल्यास तें ठोके देऊं लागतें व त्याची शक्ति वायां जाते, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यांतून फ्रान्सच्या भूमींत खनिज तेल जवळजवळ नाहींच. तेव्हां लिग्नाइट नांवाच्या हलक्या कोळशापासून पेट्रोल काढण्याच्या खटपटीस तो लागला. १९२९ सालीं रोज ६० टन लिग्नाइट पचविणारा कारखाना उभाहि राहिला. पण तें पेट्रोल महाग पडूं लागलें आणि कारखाना बंद करावा लागला.

दुसरा कोणी असता तर येथेंच हात टेकता. हूद्रीनें कोळसा सोडून जड खनिज तेल हातीं घेतलें. जड तेल फोडून त्याचें पेट्रोल करावयाचें, तर उत्प्रेरक पाहिजे. लग्न जुळविणारा मध्यस्थ जसा दोन घरें जोडून स्वतः मोकळाच राहतो, तसा हा पदार्थ इतर द्रव्यांत रासायनिक फेरफार घडवितो आणि आपण न संपतां शिल्लक राहतो. असे शेंकडों पदार्थ तपासून शेवटीं सिलिका व ॲल्युमिना असलेली एक प्रकारची माती त्याला पसंत पडली. तयार झालेलें पेट्रोल तो आपल्या बुगाटी मोटारींत घाली आणि चढणीच्या रस्त्यावर गाडी पिटाळून त्याची परीक्षा घेई! अडचण एकच होती. थोड्याच वेळांत त्या मातीवर कोळशाची पुटें चढत व ती निकामी होई. हूद्रीनें तींत हवा सोडून तो कोळसा जाळून टाकण्याची व तीच माती पुनःपुन्हां वापरण्याची रीत बसविली. १९३० सालीं तो अमेरिकेस गेला. १९३७ सालीं पेन्सिल्व्हानिया संस्थानांत मार्कस हुक येथें सन ऑइल कंपनीनें त्याच्या रीतीचा प्रचंड कारखाना सुरूं केला. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांच्या विमानांस लागणाऱ्या उंची पेट्रोलाचा मोठा भाग त्याच्याच रीतीनें निघाला. फ्रान्स जर्मनीस शरण गेल्यावर तेथें आलेल्या सरकारचा त्यानें उघड निषेध केला. त्याबद्दल त्याचें नागरिकत्व रद्द झालें, आणि १९४२ सालीं तो अमेरिकेचा नागरिक बनला.

इतकें यश पदरीं पडल्यावर मनुष्य स्वस्थ बसतो. आम्हांस या चरित्रांतील सर्वांत मोठा भाग वाटतो तो याच्या पुढचा. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर धुरकट हवेचें पटल सांचूं लागलें होतें व त्याचें कारण मोटारी होत, असें शास्त्रज्ञ सांगूं लागले होते. ज्या पेट्रोलाची मुबलकता हूद्रीनें केली, त्याचाच हा धूर! फुप्फुसाच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध असावा, अशी शंकाहि हूद्रीस आली. साठीच्या उंबरठ्यावर त्यानें ऑक्सि-कॅटॅलिस्ट नांवाची नवी कंपनी काढली. धुराच्या नळींत उत्प्रेरकाचा डबा बसवावयाचा, म्हणजे अर्धवट जळालेलें पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु हीं तेथें जळून जातात व पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. बंदिस्त गोदामांत माल उचलणाऱ्या गाड्यांवर हा डबा उपयोगी ठरला, आणि १९५६ सालीं त्याला पेटंट मिळालें. रस्त्यावरच्या मोटारींस मात्र तो लागूं पडेना. ठोके बंद व्हावेत म्हणून पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळीत, आणि तें शिसें उत्प्रेरकावर बसून त्यास मारून टाकी. कोळशाचें पूट जाळतां आलें. शिशाचें जाळतां येईना. १८ जुलै १९६२ रोजीं हूद्री वारला, तेव्हां ही गांठ सुटलेली नव्हती.

ती सुटली १९७५ च्या सुमारास. अमेरिकेंत नव्या मोटारींना असा डबा बसूं लागला व त्यांच्यासाठीं बिनशिशाचें पेट्रोल विक्रीस आलें. आपल्याकडे १९९५ सालीं मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि २००० सालापासून देशभर बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें. आतां वाळूजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पेट्रोलच्या मोटारसायकलींतहि हूद्रीचा हा वारस, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असतोच.

शिसें गेलें, तरी या डब्याचा एक क्षुद्र वैरी उरला आहे. तो म्हणजे नळीचा सैल जोड. शर्यतीच्या धर्तीची वेगवान मोटार बाळगणारे कांहीं हौशी पालक महागडा कन्व्हर्टर नवा घेतात आणि जोडांत जुनेंच गॅस्केट बसवितात. ही काटकसर आम्हांस समजत नाहीं. इंजिनचा धूर अखंड वाहत नाहीं, हबक्याहबक्यानें येतो, आणि दोन हबक्यांच्या मधल्या क्षणीं फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. प्राणवायु मोजणारा सेन्सर पुढेंच असतो. तो फसतो, पेट्रोल कमी पडत आहे असें कळवितो, आणि इंजिनांत जास्त पेट्रोल जाऊं लागतें. तें न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें पेटून आंतील चिनी मातीची जाळी तापते, कधीं वितळतेहि. फट बैठकीच्या खालीं असेल तर विषारी वायु गाडींत शिरण्याचेंहि भय असतें.

म्हणून एकदां दाबलें गेलेलें गॅस्केट पुन्हां वापरूं नये. नवें घेतांना बोल्टांचीं भोकें जुळवून पाहावींत, आणि मधलें भोक नळीच्या भोकाहून लहान नसावें, नाहींतर त्याची कड धुराच्या वाटेंत येऊन जळते. तेलाच्या जोडांस चालणारें कागदी किंवा रबरी गॅस्केट येथें कुचकामाचें. वेगवान गाडीचा धूर फार तापतो; तिला न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्र्यांचे थर असलेलें, किंवा पोलादाचा गाभा असलेलें ग्राफाइटचें घ्यावें. दोन नळ्या जेथें गोलाकार तोंडांनीं मिळतात तेथें सपाट चकती चालत नाहीं, कड्याच्या आकाराचेंच लागतें. साधी सिलिकोनची पेस्ट फांसण्याचा मोह टाळावा. तिची वाफ सेन्सर आणि उत्प्रेरक या दोघांसहि बाधते. फार जुन्या गाडीचें गॅस्केट ॲस्बेस्टॉसचें असूं शकतें, तें कोरडें खरवडूं नये. बसविण्यापूर्वीं दोन्ही तोंडें स्वच्छ करून सरळ पट्टी लावून पाहावींत. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, पाळीपाळीनें आवळावेत. मग इंजिन थंड असतांना चालू करून जोडाशीं कान द्यावा. टिकटिक ऐकूं आली, किंवा कांहीं दिवसांनीं जोडाभोंवतीं काजळीची रेघ दिसली, तर तो जोड पुन्हां उघडावा.