‘वीरधवल’चे पुनर्वाचन आणि नाथमाधव

द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव यांचा जन्म १८८२ साली मुंबईस झाला आणि मृत्यू १९२८ साली. या शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे पडतात. १९०५ साली सिंहगडाच्या परिसरात शिकार करीत असताना ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. मोहिमांची आवड असलेला तेवीस वर्षांचा तरुण अंथरुणाला खिळला. दीर्घ उपचारांच्या काळात तो वाचू लागला, वाचता वाचता लिहू लागला. ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९०९ मध्ये ‘सावळ्या तांडेल’ आली. ‘वीरधवल’ १९१३ ची.

कुमारवयात ‘वीरधवल’ वाचलेल्या वाचकाला यातले बहुधा काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी कादंबरीला लेखक असतो तो मुखपृष्ठापुरता. काल्पनिक राज्ये, कारस्थाने, पराक्रम आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा यांत तो बुडून जातो. प्रौढपणी हेच पुस्तक पुन्हा हाती घेतले, की प्रथम दोषच नजरेत भरतात. योगायोगांची रेलचेल आहे. पात्रे सुष्ट आणि दुष्ट अशा दोन गोटांत सरळ विभागलेली आहेत. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा ठसाही लपत नाही. हा परप्रभाव अर्थात एकट्या नाथमाधवांपुरता मर्यादित नव्हता. रेनॉल्ड्स त्या काळी महाराष्ट्रात आवडीने वाचला जात होता आणि खुद्द हरिभाऊ आपट्यांचे कथनही त्याच्या संस्कारापासून सर्वस्वी अलिप्त नव्हते.

मराठीत अद्भुतरम्यतेची परंपरा हळब्यांच्या ‘मुक्तामाले’पासून, म्हणजे १८६१ पासून चालत आलेली होती. ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ने वास्तवाचा मार्ग दाखविल्यानंतर दोन दशकांनी नाथमाधव पुन्हा त्या जुन्या वाटेकडे वळले. ही पीछेहाट होय, असे वाङ्मयेतिहासाच्या चौकटीतून म्हणता येईल. प्रस्तुत लेखकास मात्र हा निर्णय घाईचा वाटतो. त्यांना सामाजिक कादंबरी साधत नव्हती असे नाही. तीन भागांची ‘डॉक्टर’ (१९१८–२०) त्यांचीच आहे. ‘वीरधवल’मध्ये अद्भुताची निवड झाली ती अन्य काही जमत नाही म्हणून झाली, असे मानण्यास आधार नाही.

चरित्र ठाऊक झाल्यावर पुनर्वाचनाला एक वेगळीच धार येते. पायांनी पाऊलही टाकू न शकणाऱ्या माणसाच्या कादंबरीत सतत धावपळ आहे. कोणी एका जागी फार काळ थांबत नाही. बालवाचकाला जो केवळ वेग वाटला होता, त्यामागची खोली आता दिसते. येथे एक सावधगिरी अवश्य हवी. कादंबरीचा सारा आवेग पंगुत्वातून निपजला असे म्हणणे म्हणजे कलाकृतीला रोगनिदानाचा कागद करणे होय. धडधाकट लेखकांनीही अशाच धावत्या कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तरीही एक गोष्ट उरतेच: नाथमाधव स्वतःचे दुःख या कथेत मुळीच सांगत नाहीत. करुणेची याचना करण्याची एवढी सबळ सबब असताना त्यांनी ती वापरली नाही. हा संयम बाराव्या वर्षी कळणे शक्य नव्हते.

पुढे १९२१ पासून त्यांनी शिवकालावरील स्वराज्यमाला लिहावयास घेतली. कल्पित राज्यांची जागा आता खऱ्या गडांनी घेतली. ज्या सिंहगडाच्या परिसरात त्यांचे चालणे कायमचे संपले, तो गड शिवकालाच्या लेखकाला चुकविता येण्याजोगा नव्हताच. या कादंबऱ्यांनी त्यांना उदंड वाचक मिळवून दिले, तरी घरोघरच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या हाताळून जीर्ण झाली ती ‘वीरधवल’ची प्रत. प्रौढ वाचकांसमोर आलेली ही कादंबरी हळूहळू मुलांची झाली आणि समीक्षकांनी तिच्याकडे पाहणे सोडून दिले. तिचे मोल ठरविण्याचे काम मग तीच मुले मोठेपणी पुन्हा वाचताना करीत आली.