पित्याच्या वाटेने : समशेरबहादूर

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत बडा फुहारा प्रसिद्ध आहे. या नगरीशी मराठ्यांचा जो संबंध जडला, त्याचे मूळ एका वृद्ध राजाच्या कृतज्ञतेत आहे. इ. स. १७२९ मध्ये बाजीराव पेशव्यांनी महंमदखान बंगशापासून बुंदेलखंडाचे महाराज छत्रसाल यांचे रक्षण केले. त्या उपकाराचे स्मरण ठेवून महाराजांनी राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावांस दिला. त्या मुलखाच्या व्यवस्थेतून सागरची मराठी सत्ता उदयास आली, आणि १७८१ मध्ये जबलपूर तिच्या अमलाखाली गेले.

याच बुंदेलखंडातून मस्तानी पुण्यास आली. १७३४ मध्ये तिला पुत्र झाला, तोच समशेरबहादूर. त्याचे नाव कृष्णराव ठेवून मौंजीबंधन करावे, अशी पित्याची इच्छा होती. परंतु मातेच्या कुळामुळे ब्रह्मवृंदाने ती मान्य केली नाही, असे परंपरा सांगते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीरावांनी देह ठेवला. त्याच वर्षी मस्तानीही निवर्तली. सहा वर्षांचे बालक मातापित्यांस एकदमच अंतरले. काशीबाईंनी सापत्नभाव न धरता त्याचा सांभाळ केला, अशी त्या थोर साध्वीची ख्याती आहे.

गेलेला पिता पुन्हा भेटत नाही. त्याचे कार्य मात्र भेटते. समशेरबहादुराने त्यालाच आपला शोध मानले. पुढे तो उत्तरेकडे गेला. ज्या बुंदेलखंडात पित्याने यश मिळविले आणि जे मातेचे माहेर होते, तेथील मुलखाचा काही भाग त्याच्या वाट्यास आला. ज्या समाजाने त्यास यज्ञोपवीत नाकारले, त्याच्याविषयी मनात अढी न धरता तो पेशव्यांच्या सैन्यात भावांच्या बरोबरीने लढू लागला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणात तो जबर जखमी झाला. तेथून तो सूरजमल जाटाच्या आश्रयास पोहोचला. परंतु जखमा बऱ्या झाल्या नाहीत, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचे देहावसान झाले. भरतपूर येथे त्याची कबर बांधण्यात आली. पुढे त्याचा पुत्र अलीबहादूर बुंदेलखंडात गेला, आणि बांद्याचे नवाबघराणे त्याच्यापासून सुरू झाले.

भगवंतांनी गीतेत फलाची आशा सोडून प्राप्त कर्तव्य करण्यास सांगितले आहे. समशेरबहादुरास संस्कार मिळाला नाही, मानही अपुराच मिळाला; तरी कर्तव्यात त्याने उणेपणा येऊ दिला नाही. कुळाचे नाव जन्माने मिळते, पण ते राखावे लागते आचरणाने. आपल्या घरातील पोरक्या वा उपेक्षित बालकास जवळ घेताना गृहस्थाने काशीबाईंचे वात्सल्य आणि या वीराची निष्ठा, दोन्ही स्मरावीत.