मिरजेत डेब्यू, पडद्यावर फ्लॉप

बायोपिक संपला की तुम्ही पहिलं काय करता? बहुतेक जण मोबाइल काढून खऱ्या माणसाचे फोटो शोधतात. रवी जाधवांचा २०११ चा ‘बालगंधर्व’ बघून झाला की हे जरूर करा. सुबोध भावे शालूत कमाल दिसलाय आणि आनंद भाटेंना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही उगाच नाही. माझं मत विचाराल तर सेट जरा जास्तच चकचकीत आहेत, पण ते सोडा. खरी गंमत वेगळीच आहे. ज्या माणसावर एवढा मोठा सिनेमा निघाला, तो स्वतः सिनेमात उभा राहिला तेव्हा पब्लिकने त्याला स्वीकारलंच नव्हतं.

आणि हा माणूस आपलाच बरं का. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. लहानपणी पुण्यात त्याचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि तेव्हापासून ‘बालगंधर्व’ हे नाव चिकटलं, असं सांगतात. मुलाला कानाने कमी ऐकू यायचं. त्यावरच्या उपचारांसाठी शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये पाठवलं, अशीही आठवण सांगितली जाते. डॉ. वानलेस यांचं हे हॉस्पिटल तेव्हाही लांबलांबच्या पेशंटना माहीत होतं. उपचारांचं काय झालं ते झालं, पण त्याचं नशीब मिरजेतच उघडलं. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेल्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळी तशाच ताकदीचा गाणारा शोधत होती. १९०५ मध्ये नारायण कंपनीत आला आणि मिरजेच्या रंगभूमीवर ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभा राहिला. सतरा वर्षांचा मुलगा! तुम्ही बारावीत काय करत होतात, आठवा.

त्या काळी स्त्रियांची कामं पुरुषच करायचे, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण नारायणरावांनी हे प्रकरण भलत्याच लेव्हलला नेलं. भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू मिळाला. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू अशा एकेका भूमिकेसाठी लोक रात्र रात्र बसायचे. वन्समोअरवर वन्समोअर, नाटक संपेपर्यंत पहाट. घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला आणि केस बांधायला बघायच्या. आज गेममध्ये आवडत्या कॅरेक्टरची स्किन विकत घेणारे आपण त्यांना हसायचं कारण नाही.

१२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. नारायणराव रंगमंचावर गेले आणि भामिनी झाले. हा किस्सा सहसा मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मला मात्र त्याला टाळ्या वाजवाव्यात की अस्वस्थ व्हावं, तेच कळत नाही. घरी लक्ष्मीबाई होत्या. त्यांच्यासाठी ती रात्र कशी गेली असेल, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. इथून पुढे पैशांचं गणित कायमचं बिघडलं. प्रेक्षकांना सगळं अस्सल मिळालं पाहिजे हा हट्ट. शालू अस्सल, अत्तरं अस्सल, पडदे आणि सेट राजवाड्याला लाजवणारे. १९२१ मध्ये केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला ‘संयुक्त मानापमान’ तुफान गाजला, पण कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज तोवर लाखात गेलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि नाटकं करूनच फेडलं. हिशोब जमत नव्हता, पण माणूस शब्दाचा पक्का होता.

मग बोलपट आला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्यात तारामती कोण होतं? दुर्गा खोटे. म्हणजे प्रेक्षकांना आता पडद्यावर खरीखुरी बाई दिसत होती, तीही नाटकाहून स्वस्त तिकिटात. तिथे पुरुषाने साडी नेसून काय करायचं? नाटक कंपन्या धडाधड बसल्या. गंधर्व मंडळीही थांबली आणि नारायणराव प्रभातकडे गेले.

१९३५ चा ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. संत एकनाथांची गोष्ट, विषय अस्पृश्यतेचा. आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, पण त्यातून गांधीजी आठवतात म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे घरचंच माणूस. सगळं जुळून आलेलं. तरी लोकांना हे एकनाथ रुचले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर रुक्मिणी पाहिली, त्यांना सत्तेचाळीस वर्षांचा पुरुषवेषातला नारायण नको होता. पुढच्या चित्रपटांचा बेत तिथेच गुंडाळला गेला. नंतर बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले, तोही चालला नाही. मला विचाराल तर यात अभिनयाचा दोष कमी होता. थिएटरात दहाव्या रांगेतला माणूस अर्धं चित्र मनाने पूर्ण करतो. क्लोजअप ती सोयच ठेवत नाही.

खूप नट इथे संपले असते. नारायणराव नाटकाकडे परतले. १९३८ मध्ये गायिका गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, पुढे त्यांच्याशी लग्न झालं, त्यावरून समाजात बरीच कुजबुज झाली. साठी उलटल्यावरही ते साडी नेसून उभे राहत होते. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, तोवर शरीर थकलं होतं. १५ जुलै १९६७ ला ते पुण्यात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या वाढदिवशी पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. मिरजेतही त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, एकांकिकेच्या निमित्ताने तुमच्यापैकी काही जण तिथे गेलाही असाल.

त्यांची सिंधू किंवा रुक्मिणी आता कुठेही बघायला मिळणार नाही. उरल्यात त्या ध्वनिमुद्रिका, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत किती वेळ चालायचं, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. हेडफोन लावून आधी त्या ऐका. मग ‘धर्मात्मा’ मिळाला तर बघा, फक्त त्यात रुक्मिणी शोधू नका. १९३५ मध्ये सगळ्यांनी तेच केलं होतं.